गोळी चावायची की गिळायची?

माझं नाशिकच्या सिडकोत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, भाडेकरार, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. मुलगी जवळच्याच मराठी शाळेत, पहिली ते चौथीची शाळा, पटावर दोनशेच्या आसपास मुलं. ती तिसरीतून चौथीत जाणार होती तेव्हाची ही गोष्ट.

शाळा व्यवस्थापन समितीत मी आदल्याच वर्षी ओढला गेलो होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण हिस्सा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्याकडे बायका सहज मिळाल्या, पुरुषच मिळेनात. अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे बाप दुपारी दोनच्या सभेला कुठून येणार? मी दुकानाचं शटर अर्धं ओढून गेलो आणि सापडलो. एप्रिलच्या सभेत मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना? मग यंदा आमचं पालकपत्र तुम्हीच काढून द्या."

पालकपत्र म्हणजे महिन्याला एक ए-फोर कागद, पाठपोट. शाळेत काय झालं, पुढे काय आहे, घरून काय पाठवायचं. आधी एक बाई ते हाताने लिहून झेरॉक्स करायच्या, त्यांची बदली झाली. मला वाटलं, यात काय अवघड आहे. माझ्या हातून वर्षाला दोनेकशे पत्रिका जातात.

तीच अडचण निघाली. जूनचा पहिला अंक मी काढला तो असा: "सर्व सुजाण पालकांस कळविण्यास अत्यानंद होतो की, नूतन शैक्षणिक वर्षाचा शुभारंभ..." भोवती पत्रिकेच्या फाइलमधली आंब्याच्या पानांची महिरप. फक्त "आमचे येथे श्रीकृपेकरून" तेवढं राहिलं होतं. मागच्या पानावर शाळेत आलेली चार परिपत्रकं जशीच्या तशी उतरवली. बायको म्हणाली, छान दिसतंय. दिसत होतंच.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पावसाची जोरदार सर आली. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी पाण्याचा लोट वाहत होता आणि पोरं त्यात होड्या सोडत होती. एक होडी माझ्या बुटाला येऊन अडली. उचलून बघतो तर महिरप. मग खाली वाकून मोजल्या. तीन होड्या पालकपत्राच्या होत्या, चौथी गणिताच्या वहीची. कागदाचा जीएसएम चांगला असल्यामुळे माझ्या होड्या जास्त लांब गेल्या, एवढंच समाधान.

खरा दणका बसला तो गोळीच्या वेळी. वर्षातून दोनदा राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, पण प्रत्यक्षात पुढेमागे होतं. शाळेत आलेल्या कागदावरून मी पालकपत्रात उतरवलं: "१ ते १९ वयोगटातील सर्व बालकांना अल्बेंडाझोल ४०० मि.ग्रॅ. ही गोळी प्रत्यक्ष देखरेखीखाली सेवन करण्यास देण्यात येणार असून पालकांनी सहकार्य करावे." त्या दिवशी दुसरीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. बाईंनी फोन लावले तर कुणाचं पोट दुखत होतं, कुणी मामाकडे गेलं होतं.

दोन दिवसांनी एक आई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. ती अंबडमधल्या कामगारांचे डबे करते, घरूनच मेस चालवते. पैसे देता देता म्हणाली, "भाऊ, ते गोळीचं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"हो."

"गोळी चावायची की गिळायची, तेवढं लिहायचं होतं. आणि कशाची आहे ते. पोटातल्या जंताची म्हणाले असते तर मीच पोराला हाताला धरून आणलं असतं. तुम्ही तर ऑपरेशनची नोटीस काढल्यासारखं केलं. देखरेखीखाली म्हणे."

मी काय बोलणार? राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा एक दिवस असतो, त्याला मॉप-अप म्हणतात. त्याच्या आदल्या दिवशी मी अर्ध्या पानाची चिठ्ठी काढली. "उद्या पोटातल्या जंताची गोळी मिळेल. पैसे नाहीत. वर्गातच बाईंसमोर चावून खायची आणि वर पाणी प्यायचं. मूल आजारी असेल तर बाईंना सांगा, त्याला उद्या देणार नाहीत. जंत जास्त असतील तर थोडं मळमळतं, पोट दुखतं. घाबरू नका, बाईंना सांगा." छापण्याआधी मेसवाल्या ताईंना वाचून दाखवली. त्यांनी "उद्या"च्या पुढे वार घालायला लावला, कारण कागद दप्तरात दोन दिवस पडून राहतो आणि मग उद्या म्हणजे कधी ते कळत नाही. हे मला वीस वर्षं पत्रिका छापून सुचलं नव्हतं. पत्रिकेत मी वार, तारीख, तिथी, मुहूर्ताची मिनिटंसुद्धा घालतो.

त्या दिवशी एकदोघं सोडली तर सगळी मुलं आली.

तिथून पालकपत्राचं रूप बदललं. एकदम नाही, आणि सगळं माझ्या डोक्यातून निघालं असंही नाही. कल्पना चौथीच्या बाईंची. शनिवारी मुलं दप्तर आणत नाहीत. त्या दिवशी त्या चौथीतल्या पोरांना गटागटाने शाळेत फिरवायच्या आणि प्रत्येकाकडून एक बातमी आणवायच्या. बातमी म्हणजे तीन वाक्यं: काय झालं, कुणाला विचारलं, पुढे काय. सोमवारी तो गठ्ठा माझ्या दुकानात. मी त्यातल्या दहाबारा निवडायचो. माझं काम तारखा, वेळा आणि रकमा तपासायच्या, वाक्यांना हात लावायचा नाही. "खिचडीत आज वाटाणे जास्त होते आणि मावशी म्हणाल्या उद्या पण टाकीन" हे तसंच छापायचं. सुरुवातीला हात शिवशिवायचे. "टाकीन"चं "घालण्यात येतील" करावंसं वाटायचं.

आणि खाली एक पट्टी, कापून परत द्यायची: "हे पत्र मी घरी वाचून दाखवलं. ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा." म्हणजे पत्र पालकांनी वाचायचं नाही, मुलाने वाचायचं आणि घरच्यांनी ऐकायचं. आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच फोन, तोही बापाबरोबर कंपनीत जातो, त्यामुळे व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकून भागत नाही. शिवाय पहिल्या महिन्यात मी श्रीलिपीत, म्हणजे दुकानातल्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर उचलून ग्रुपवर चिकटवला होता. सगळ्यांच्या फोनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. एका पालकाने "हॅक झालं का?" असं विचारलं. त्यानंतर पालकपत्र युनिकोडमध्ये, ते सगळ्या फोनवर नीट दिसतं.

पट्ट्या परत येऊ लागल्या, पहिल्या महिन्यात सत्तरेक. बहुतेकींवर आईची सही, पण आजीचे अंगठे बरेच, आणि एका पट्टीवर "बाबा झोपले होते पण ऐकत होते" अशी नोंद. नाइट शिफ्टवाल्यांचं घर असणार. ती मी पास केली.

गणपतीच्या आधी शाडू मातीची कार्यशाळा होती. तीत एकच घोळ झाला. "शाडू आणावी" एवढंच लिहिल्यामुळे निम्मी मुलं दुकानातली रंगीत क्ले घेऊन आली. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणजे मूळ मुद्दाच गेला. पुढच्या चिठ्ठीत आम्ही लिहिलं की एका मुलाला किलोभर शाडू पुरते, मूर्ती वीतभरच करायची, उन्हात वाळवायची नाही, सावलीत ठेवायची, नाहीतर तडे जातात, आणि विसर्जन घरी बादलीत करून ते पाणी कुंडीत ओतायचं. तरी एकाने गॅलरीत उन्हात ठेवलाच आणि त्याच्या गणपतीची सोंड गळून पडली. त्याची बातमी त्याने स्वतः लिहिली. शेवटचं वाक्य: "आता तो मारुती आहे."

मग भोंडला. हा विषय मी ओघाओघात उरकला असता, पण तो एका शब्दावर अडला. सप्टेंबरच्या अंकात मी "भोंडला, शुक्रवारी दुपारी ३ वाजता, आयांनी यावे" असं छापलं. सिडकोत खानदेशातून आलेली घरं खूप. जळगाव, धुळे, चाळीसगाव, अमळनेर, कंपन्या आल्या तशी माणसं येऊन वसली. दुसऱ्या दिवशी तीन बायका दुकानात. एक म्हणाली, "आमनाकडे भुलाबाई म्हनतस, भाऊ. आमचं काही नाही का शाळेत?" मी म्हटलं, एकच ना ते. तर तिघींनी मला उभ्या उभ्या शिकवणी दिली.

एक नाही. भोंडल्यात पाटावर हत्ती काढतात आणि मुली त्याच्याभोवती फेर धरतात, तो नवरात्रात. हादगा म्हणणारे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू करतात, सोळा दिवस चालतो. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते, पुरा महिना. तिथे हत्ती नाही, मातीची भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, घरात मांडतात आणि मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. सारखं काय तर शेवटचा खाऊ. डबा झाकून आणायचा, वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. भोंडल्यात त्याला खिरापत म्हणतात.

मी चौथीच्या बाईंना सांगितलं. त्यांनी ती भांडणाचीच बातमी करून टाकली. मुलांना गृहपाठ दिला: घरी विचारून या, तुमच्याकडे काय म्हणतात, कधी बसते, कुठली गाणी. ऑक्टोबरच्या अंकाचं मागचं पान पूर्ण त्याचंच झालं. चौथीत सव्वीस मुलं, त्यातल्या अकरांच्या घरी भुलाबाई, आठांकडे भोंडला, दोघांकडे हादगा, बाकीच्यांनी "आमच्याकडे काही नाही पण खाऊ चालेल" असं लिहून आणलं. त्यात एक मुलगा उत्तर प्रदेशातल्या घरचा, त्याने आपल्याकडची रामलीला लिहिली, तीही छापली. कार्यक्रमाला पाऊस पडला, म्हणून मैदानाऐवजी व्हरांड्यात झाला. एका टोकाला हत्तीचा पाट, दुसऱ्या टोकाला भुलाबाई. खाऊ ओळखताना मात्र सगळ्या एका बाजूला. मेसवाल्या ताईंनी स्टीलच्या डब्यात खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या, पण आवाज फसवायला म्हणून वर चार शेंगदाणे टाकले होते. कुणाला ओळखता आलं नाही. मोठ्या बाई हरल्या म्हणून रागावल्यासुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायचा हे दरवर्षीचं. त्या वर्षी बाई म्हणाल्या, जिल्ह्यातलाच किल्ला करा. निम्म्या पोरांनी साल्हेर केला, कारण तो महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, आणि उंच म्हटलं की पोरांना हवाच असतो. १६७२ ची लढाई तिथली, मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ती. पुढे २०२५ मध्ये साल्हेर युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा माझी मुलगी घरात अशी फिरत होती जणू तिने मातीचा केला म्हणूनच गेला.

आता सहलीचं सांगतो.

डिसेंबरात तिसरी-चौथीची सहल नांदूर मधमेश्वरला काढायची ठरलं. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला बंधारा, त्याच्या मागे साठलेलं उथळ पाणी, गाळाची बेटं आणि हिवाळ्यात हजारो पक्षी. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. निफाड तालुक्यात आहे, म्हणजे थंडी आपल्यापेक्षा दोन अंश जास्तच. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, पण अर्ज वेळेत जायला हवा आणि मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची हवी. ते सगळं समितीत माझ्याच गळ्यात पडलं, कारण यादी टाइप करायची होती.

संमतीपत्राचा मजकूर या वेळी आधी तीन आयांना वाचून दाखवला. त्यातून आलेल्या सूचना सरकारी कागदात कधीच नसतात. स्वेटर लाल किंवा पिवळा नको, मळकट रंगाचा चालेल, पक्षी बुजतात. डब्यात चिवडा-वेफर्स नको, कुरकुर आवाज होतो, पोळीचा रोल द्या. टोपी कानावरून येईल अशी. गाडी लागणाऱ्या मुलाने पुढे बसायचं, त्याला सकाळी दूध पाजू नका. पैसे देऊ नका, तिथे काही विकत घ्यायचं नाही. आणि गाडी सकाळी साडेसहाला निघेल म्हणजे साडेसहालाच.

संमतीपत्रं परत आली. एका वडिलांनी सही केली होती आणि खाली बॉलपेनने लिहिलं होतं, "मुलाला पाण्याजवळ नेऊ नये." पाणपक्ष्यांच्या सहलीला! मी हसलो, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन करून त्यांना सांगितलं की पक्षी मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून बघायचे आहेत, पाणी लांब आहे, मनोऱ्याला कठडा आहे आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस असणार. ते म्हणाले, मग हे कागदावर का नाही लिहिलं? बरोबरच होतं त्यांचं. चिठ्ठीत आम्ही वेफर्सचं लिहिलं, कठड्याचं राहिलं.

दहा मुलांमागचा एक मी होतो. चापडगावच्या बाजूला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि काही दिसत नव्हतं, नुसता कलकलाट. मुलं अर्धा तास गप्प बसली, ही माझ्या मते त्या वर्षाची सगळ्यात मोठी बातमी. मग धुकं विरलं. गावातला एक तरुण मुलगा गाईड होता, त्याने एकेक नाव सांगितलं: चक्रवाक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या. पोरं वहीत उतरवत होती, शुद्धलेखन देवाच्या हवाली.

जानेवारीच्या अंकात एका मुलीची बातमी पहिल्या पानावर घेतली: "तळ्यात वारकरी खूप होते. ते काळे असतात आणि त्यांचं कपाळ पांढरं असतं. ते सारखे बुडी मारतात आणि गवत खातात." मी वाक्यांना हात लावायचा नाही या नियमाप्रमाणे तसंच छापलं.

तीन दिवसांनी दुकानात एक आजोबा आले. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. निवृत्तिनाथांच्या पौषवारीला त्र्यंबकला चालत जाणारे, नुकतेच जाऊन आलेले. हातात पालकपत्र. म्हणाले, "नात वाचून दाखवत होती. वारकरी गवत खातो, हे शाळेत शिकवता?"

मी घाईघाईने खुर्ची दिली, कॉम्प्युटरवर फोटो काढून दाखवला. वारकरी हे त्या पक्ष्याचंच मराठी नाव आहे, कुणी चांदवाही म्हणतात, अंग काळंभोर आणि चोचीच्या वर कपाळावर पांढरा पट्टा. आजोबा चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गोपीचंदन तर बरोबर लावलंय." फोटोची प्रिंट मागून घेतली, रंगीत. पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. पुढच्या अंकापासून अवघड नावासमोर छोटं चित्र टाकायचं ठरलं.

संक्रांतीला दरवर्षी शाळेत आयांचं हळदीकुंकू असायचं. त्या वर्षी मोठ्या बाईंनीच ते नाव बदलून "तिळगूळ, सगळ्या आया आणि आज्यांसाठी" असं करायला सांगितलं. कारण विचारलं नाही. शाळेत तीन मुलांचे वडील नव्हते हे मला माहीत होतं. त्यातल्या दोन आया आल्या. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हे नेहमीप्रमाणे झालं. कुसुमाग्रज आपल्या नाशिकचे म्हणून भाषणं जरा जास्त झाली आणि मुलं जरा जास्त चुळबुळली. रंगपंचमीला दोन पोरं जुन्या नाशकात आजोळी जाऊन रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आली आणि पुढचे चार दिवस वर्गात पिवळीधमक बसून होती. साबणाने जात नाही तो रंग, हे पालकांना आधी सांगायला हवं होतं अशी नोंद मी वहीत केली आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, तेव्हा तासांमध्ये पाण्याची घंटा सुरू केली. ती वाजली की सगळ्यांनी बाटली काढून प्यायचं. त्याची सूचना चौथीतल्या एका मुलाने लिहिली: "तहान नसली तरी प्या, बाई बघतात."

मुलगी चौथी झाली आणि आमची त्या शाळेतली मुदत संपली. पाचवीला दुसरी शाळा. एप्रिलमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात, पहिलीत येणारी पिल्लं या टेबलावरून त्या टेबलावर उड्या मारत, रंग ओळखत, मणी ओवत फिरत होती, तेव्हा मी शेवटचा अंक वाटत होतो. मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षाचं काम मेसवाल्या ताईंना दिलं होतं, त्यांचा धाकटा पहिलीत येणार. टायपिंग मीच करून देणार, मजकूर त्यांचा.

मेच्या शेवटी त्या दुकानात आल्या. जूनच्या अंकाचा कच्चा मजकूर मी त्यांच्या सोयीसाठी आधीच टाइप करून ठेवला होता. पहिली ओळ: "नवीन वर्षात आपल्या पाल्याचे शाळेत सहर्ष स्वागत आहे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि बोट स्क्रीनला टेकवलं.

"भाऊ, हे काढा. शाळा कोणत्या वारी उघडते ते आधी लिहा. आणि पहिल्या दिवशी खिचडी असते का नसते? डबा द्यायचा का नाही?"

मी मोठ्या बाईंना फोन लावला.